एक प्रत खाडीपलीकडे

मुलामुलींनो, ‘चौक’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चार रस्ते, मधोमध शिट्टी वाजवणारा हवालदार आणि कोपऱ्यावर वडापावची गाडी. हो ना? पण मी राहतो तो चौक असा नाही बरं का. आमचा चौक हे एक गाव आहे. भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, बस धरायची आणि मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकत यायचं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, किनाऱ्याला होड्या आणि बांबूंच्या वलांडींवर वाळत घातलेले बोंबील. वास सहन होत नसेल तर नाकाला रुमाल लावा, पण याच!

गावात धारावीचा किल्ला आहे. मुंबईतली धारावी नव्हे हं, ही वेगळी. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं आधी हा किल्ला घेतला आणि मग मे महिन्यात वसई. किल्ल्याच्या टेकडीवर उभं राहिलं की पाण्यापलीकडे वसई दिसते. ही पलीकडची वसई लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ती शेवटी परत येणार आहे.

आता गोष्ट. ती माझ्या फजितीची आहे. मोठी माणसं आपली फजिती मुलांना सहसा सांगत नाहीत. मी सांगणार आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या घरी आज, या क्षणीसुद्धा होत असेल.

पेटारा

आमचं घराणं मच्छीमारांचं. वडील डोल लावायला जायचे. मी मात्र होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर! शेवटी वडील म्हणाले, “तू आपला जमिनीवरच काहीतरी कर.” म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकलो.

आमच्या भागातल्या एका मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात तीन कॉम्प्युटर होते. पहिल्यावर डिझेलचा आणि त्यावरच्या कर-परताव्याचा हिशोब. दुसऱ्यावर सभासदांची खाती, म्हणजे कोणी किती बचत ठेवली, कोणी होडीच्या इंजिनासाठी कर्ज घेतलं, किती हप्ते भरले. तिसऱ्यावर होड्यांचे परवाने, नोंदणीचे कागद आणि पत्रव्यवहार. तिन्ही कॉम्प्युटर तारांनी एका छोट्या डबीला जोडलेले. या डबीला ‘स्विच’ म्हणतात. टपाल कचेरीत जसं पत्र येतं आणि पत्ता बघून योग्य घरी जातं, तसं या डबीत एका कॉम्प्युटरची माहिती येते आणि दुसऱ्याकडे जाते. असे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले की झालं नेटवर्क.

२०१५ साली सेक्रेटरी मला म्हणाले, “अरे, रोजकीर्द नि खतावणी आता यातच आहे. हे यंत्र बिघडलं तर आम्ही काय करायचं?”

मी छाती फुगवून म्हटलं, “काळजी सोडा. मी बॅकअपची सोय करतो.”

बॅकअप म्हणजे काय? आपल्या माहितीची वेगळी जपून ठेवलेली प्रत. मूळ हरवलं तर त्या प्रतीवरून परत उभं करता यावं, म्हणून. कार्यालयाच्या कोपऱ्यात मी चौथा कॉम्प्युटर ठेवला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, आत फक्त मोठी डिस्क. सगळे त्याला ‘पेटारा’ म्हणायला लागले. पेटाऱ्याचं काम सोपं. रोज रात्री अकरा वाजता त्यानं तिन्ही कॉम्प्युटरांचं दार नेटवर्कवरून ठोठवायचं आणि विचारायचं, “आज काय बदललं?” जे बदललं असेल तेवढंच आपल्याकडे उतरवून घ्यायचं.

तुम्ही विचाराल, सगळं तपासल्याशिवाय काय बदललं हे त्याला कळतं कसं? छान प्रश्न. समजा, तुमच्याकडे आणि दुसऱ्या गावच्या मावशीकडे पाककृतींची एकसारखी वही आहे, शंभर पानांची. तुम्ही एका पानावर काहीतरी खोडलं आणि नवं लिहिलं. मावशीला फोनवर अख्खी वही वाचून दाखवणार का? मुळीच नाही. त्यापेक्षा दोघांनी प्रत्येक पानाची अशी एक बेरीज काढायची, की त्या पानावरचं एक अक्षर बदललं तरी बेरीज बदलावी. मग फोनवर फक्त बेरजा सांगायच्या. नव्व्याण्णव पानांच्या बेरजा जुळल्या, सदतिसाव्या पानाची जुळली नाही. म्हणजे बदललं ते तेवढंच पान! तेवढंच वाचून दाखवायचं. याच कल्पनेवर अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ऑस्ट्रेलियात ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि १९९६ साली तो सगळ्यांसाठी खुला केला. जगभरात आजही तो वापरला जातो. आमचा पेटाराही त्यावरच चालायचा.

पहिले काही आठवडे मी रोज जाऊन बघायचो. प्रती व्यवस्थित होत्या. मग दोन दिवसांनी बघायला लागलो. मग आठवड्यानं. मग... बघेनासाच झालो. चाललंय ना? चालू दे.

जुलैमधली सकाळ

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायचं काम चालू, आणि कार्यालयात पुढच्या हंगामाच्या कागदपत्रांची गर्दी. २०१६ च्या जुलैत अशाच एका सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. दुसरा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. रात्री विजा कडाडल्या होत्या, वीज चार वेळा आली-गेली होती.

मी गेलो. डिस्क कानाशी धरली, तर आतून नुसती टकटक, टकटक. डिस्क गेली होती. कार्यालयातल्या सगळ्यांचे चेहरे पडले.

“घाबरता काय?” मी हसून म्हटलं. “पेटाऱ्यात सगळं आहे!”

पेटाऱ्याला पडदा जोडला. दुसऱ्या कॉम्प्युटरचा कप्पा उघडला. शेवटच्या प्रतीची तारीख वाचली आणि माझं हसू तिथंच थांबलं. तारीख होती ९ फेब्रुवारी.

पाच महिने! पाच महिन्यांत सभासदांनी भरलेला एकही हप्ता, ठेवलेली एकही बचत पेटाऱ्यात नव्हती. बाकीच्या दोन कॉम्प्युटरांची प्रत मात्र कालच्या रात्रीपर्यंत अगदी ठाकठीक.

असं का झालं असेल? विचार करा बघू. मीही डोकं खाजवत बसलो होतो. तेवढ्यात कार्यालय झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “त्या टेबलाचं बटन ना? ते मी संध्याकाळी जाताना बंद करते. थंडीत एकदा त्यातून ठिणगी उडाली होती. म्हटलं, रात्री आग लागायला नको.”

मावशींचं काय चुकलं? काहीच नाही. ठिणगी उडाली तर बटन बंदच करायला हवं. चूक होती माझी. पेटारा रोज रात्री अकरा वाजता दुसऱ्या कॉम्प्युटरचं दार ठोठवत होता, आतून उत्तर येत नव्हतं आणि तो इमानदारीनं आपल्या नोंदवहीत लिहीत होता, ‘दुसरा कॉम्प्युटर सापडला नाही’. पाच महिने, रोज रात्री. ती नोंदवही वाचायचं काम माझं होतं. मी ती उघडलीच नव्हती. बटन बंद करण्याआधी मावशींनी मला विचारावं, असं मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं.

कालनिर्णयावरचा हिशोब

मग काय, कागद बाहेर काढले. पैसे भरल्यावर सभासदाला पावती मिळते आणि तिची एक प्रत पुस्तकातच राहते. तिला स्थळप्रत म्हणतात. पाच महिन्यांच्या स्थळप्रती बघून सगळं पुन्हा टाइप करायचं ठरलं. पण मार्च आणि एप्रिलची पावतीपुस्तकं कपाटाच्या खालच्या खणात होती आणि तिथं पावसाचं पाणी शिरलं होतं. शाई पसरून पानं निळी झाली होती. एकही आकडा धड वाचता येईना.

गावात निरोप गेला, ‘ज्यांच्याजवळ पावत्या असतील त्यांनी घेऊन याव्यात.’ माणसं आली. कोणी पासबुकात घडी करून ठेवलेल्या, कोणी देवाच्या तसबिरीमागे खोचलेल्या, कोणी जाळ्याच्या दोऱ्यांत गुंडाळलेल्या पावत्या आणल्या. तीन आठवडे मी टाइप करत होतो. पैसे घ्यायचं तर माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी एक नोंद अडली. आमच्या आळीतल्या एक वहिनी. त्यांचे यजमान वारले होते. होडीच्या इंजिनाचं कर्ज त्या एकट्या फेडत होत्या, बोंबील सुकवून आणि बाजारात विकून. महिना अडीच हजार रुपये. बाकी सगळ्या पावत्या त्यांच्याजवळ होत्या, पण एप्रिलची सापडत नव्हती. स्थळप्रत वाचता येत नव्हती. पावतीच नाही तर हप्ता भरला हे मानायचं कसं? अन् नाही मानला, तर खातं थकलेलं दिसणार आणि पुढच्या हंगामासाठी पैसे उचलायला अडचण येणार. माझ्या आळसाचा दंड त्या माउलीनं भरायचा?

वहिनी रागावल्या नाहीत. घरी गेल्या आणि भिंतीवरचं कालनिर्णयच काढून घेऊन आल्या. एप्रिलचं पान उघडलं. ११ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘होडी २५००’.

“पावती भिजते, हरवते,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी कालनिर्णयावर पण लिहिते. आणि पोरीला तोंडानं सांगून ठेवते.”

त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. ती लगेच म्हणाली, “हो, त्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. आई पैसे भरून थेट शाळेच्या दारात आली होती.”

तरी कमिटीला पक्का पुरावा हवा होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की कार्यालयात जमलेले पैसे बँकेत भरले जातात आणि बँकेकडे तिची स्वतःची नोंद असते. उतारा मागवला. ११ एप्रिलला संस्थेच्या खात्यावर ७,००० रुपये जमा झाले होते. त्या दिवसाच्या पावत्या घेऊन आणखी दोघं सभासद आले होते, त्या दोघांचे मिळून ४,५००. आता वजाबाकी तुम्हीच करा. किती उरले?

बरोबर, २,५००. वहिनींचा हप्ता सापडला!

त्या दिवशी घरी जाताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी चार यंत्रं आणि शंभर फूट तार वापरून जे करू शकलो नव्हतो, ते वहिनींनी एका पेन्सिलीनं केलं होतं. एक प्रत डब्यात, दुसरी भिंतीवर, तिसरी लेकीच्या डोक्यात. आणि आणखी एक नकळत बँकेत, गावाबाहेर.

पुढे मला कळलं, की या युक्तीला एक नियमच आहे. अमेरिकेतले पीटर क्रोग नावाचे छायाचित्रकार आपल्या हजारो फोटोंची काळजी घेता घेता तो सांगू लागले आणि मग तो जगभर पसरला. नियमाचं नाव ‘तीन-दोन-एक’. माहितीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा. आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी ठेवा.

आपल्याकडे तर ही शहाणीव फार जुनी आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही कथा तुम्हाला माहीत असेल. पण अभंग लोकांच्या ओठांवर होते, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या सोबत्यांनी ते उतरवूनही घेतले होते, असं परंपरा सांगते. एक वही बुडाली म्हणून अभंग बुडत नाहीत, ते असे.

मोठ्यांच्याही फजित्या

माझं मन जरा हलकं झालं ते एका सिनेमाच्या हकिगतीनं. ‘टॉय स्टोरी २’ पाहिलाय ना? वुडी आणि बझ असलेला? १९९८ साली पिक्सार कंपनीत तो तयार होत असताना कोणीतरी चुकून फायली पुसून टाकण्याची आज्ञा कॉम्प्युटरला दिली. सगळे कलाकार नेटवर्कवरून एकाच साठ्यावर काम करत होते. तिथले ओरेन जेकब यांनी पुढे सांगितलं, की पडद्यावर बघता बघता वुडीची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग अख्खा वुडीच! सिनेमाचा बहुतेक भाग पुसला गेला. “बॅकअप आहे ना!” म्हणून लोक धावले, तर तो कित्येक दिवस नीट चाललाच नव्हता. माझ्या पेटाऱ्यासारखंच!

मग वाचवलं कोणी? गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर बाळासारखा जपून कंपनीत आणला. १९९९ साली सिनेमा प्रदर्शित झाला. यात काय दिसलं? बॅकअप ‘आहे’ असं वाटणं वेगळं आणि त्यातून फाइल खरोखर परत काढता येणं वेगळं.

दुसरी हकीगत तर आपल्या दाराशी घडली. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका प्रोग्रामच्या वाटेनं ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला आणि नेटवर्कच्या तारा धरून या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर उड्या मारत काही तासांत जगभर गेला. जहाजांवरून माल नेणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले. या कंपनीच्या समूहाचा एक धक्का आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावाशेवा बंदरात आहे. तिथलंही काम कोलमडलं. कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे आणि तो कोणाचा, हे सांगणारं यंत्रच मुकं झालं. कंटेनर अडकून पडले आणि माणसांना हातानं नोंदी करत काम रेटावं लागलं.

आता नीट ऐका, कारण गंमत पुढेच आहे. कंपनीकडे जगभरात सुमारे दीडशे खास कॉम्प्युटर होते. नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठली खोली उघडू द्यायची, याचं हजेरीपत्रक त्यांच्याकडे होतं. दीडशे जण सतत एकमेकांशी बोलून आपापलं हजेरीपत्रक सारखं ठेवत. कंपनीला वाटायचं, एकाकडचं गेलं तर बाकीच्यांकडे आहेच की! पण ते सगळे एकाच जाळ्यात जोडलेले होते. त्यामुळे गेले ते एकदमच गेले.

एक सोडून. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती. तिथला कॉम्प्युटर बंद होता, म्हणून तेवढा वाचला! घानाहून एक माणूस ती डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, तिथं दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोचली. त्या एका प्रतीवरून पुन्हा घडी बसवायला सुरुवात झाली. दहा दिवसांत कंपनीनं ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले.

बघा हं, आमच्याकडे बटन बंद होतं म्हणून माहिती गेली आणि घानात वीज बंद होती म्हणून वाचली. असं उलटं कसं? तर नेटवर्क हे रस्त्यासारखं आहे. प्रत न्यायची तर रस्ता उघडा हवा. पण त्याच रस्त्यानं चोरही येतो. म्हणून एक प्रत अशी हवी, की नेऊन झाल्यावर तिचा रस्ताच तोडून टाकायचा.

आरसा आणि फोटो

तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पुष्कळ जण म्हणतात, “आमचे फोटो फोनमध्ये आहेत, कॉम्प्युटरवर आहेत आणि इंटरनेटवर पण आहेत. एकीकडे बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं.” हे सोयीचं आहे, पण हा आरसा झाला. तुमचा दात पडला की आरशातल्या मुलाचाही दात पडतो! एकीकडे फाइल चुकून पुसली, की सगळीकडून पुसली जाते. बॅकअप हा जुन्या फोटोसारखा असतो. तुमचा दात पडला तरी फोटोतला दात जागेवर राहतो.

म्हणून आमचा पेटारा आता फक्त कालची प्रत ठेवत नाही. गेल्या सात दिवसांच्या सात, गेल्या चार आठवड्यांच्या चार आणि गेल्या बारा महिन्यांच्या बारा अशा प्रती तो ठेवतो. आज कोणाच्या लक्षात आलं, की तीन आठवड्यांपूर्वी खात्यात चुकीचा आकडा पडला, तर त्याच्या आधीचं पान उघडून बघता येतं.

बाकी काय बदललं? दुसऱ्या कॉम्प्युटरचं ठिणगी उडणारं बटन आधी बदललं. रात्रीची वेळ बदलून पेटारा आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत काम करतो, सगळी यंत्रं चालू असताना. प्रत झाली की तो प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव आणि तारीख एका कागदावर छापतो. तो कागद भिंतीवर लावायचं काम मावशींनी स्वतःहून घेतलं. एखाद्या नावापुढची तारीख जुनी दिसली, की त्यांचा मला फोन. “अरे, तुझा पेटारा उपाशी आहे!” आणि महिन्यातून एका शनिवारी आम्ही कुठलीही एक फाइल निवडतो आणि पेटाऱ्यातून खरंच परत काढून उघडतो. उघडली तर चहा, नाही उघडली तर मी चहा पाजायचा!

आणि ती खाडीपलीकडची प्रत? न्हावाशेव्याची बातमी वाचली तेव्हाच मी कमिटीला म्हटलं, “पेटारा आणि कॉम्प्युटर एकाच छपराखाली आहेत. पाणी शिरलं, आग लागली तर दोन्ही जातील.” वयस्कर सभासदांना हे लगेच पटलं. एक आजोबा म्हणाले, “सगळे बोंबील एका वलांडीवर घालून अवकाळी पावसात बसलोय मी. परत नाही बसणार!”

वसईतल्या तशाच एका संस्थेशी बोलणं झालं. ठराव झाला. दर महिन्याला आम्ही एका डिस्कवर सगळं उतरवतो, त्यावर परवलीच्या शब्दाचं कुलूप घालतो, म्हणजे डिस्क दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तरी सभासदांचे हिशोब वाचता येऊ नयेत. तार काढतो आणि ती डिस्क वसईच्या तिजोरीत नेऊन ठेवतो. तिथली आधीची डिस्क परत आणतो. त्यांची डिस्क आमच्या तिजोरीत असते. आधी मी बसनं भाईंदरला, तिथून लोकलनं नायगाववरून वसई रोडला आणि पुन्हा बसनं जायचो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली आणि मी बोटीनं जाऊ लागलो. खाडीच्या पाण्यावर आता माझं पोट ढवळत नाही, ही आणखी एक गंमत!

आता तुमची पाळी

ही गोष्ट वाचून झाल्यावर एक कागद घ्या. घरात माहिती साठवणारी किती यंत्रं आहेत ते लिहा. आईचा फोन, बाबांचा लॅपटॉप, ताईचा कॉम्प्युटर. प्रत्येकापुढे लिहा, यातलं काय हरवलं तर बाजारात विकत मिळणार नाही? गाणी आणि खेळ परत मिळतील. पण आजोबांच्या साठीचे फोटो? दादाचा प्रकल्प? आजीनं सांगितलेली, कुणीतरी फोनवर टिपून घेतलेली गोष्ट? त्यांच्यापुढे फुली मारा. मग आई-बाबांना घेऊन बसा आणि फुली मारलेल्या गोष्टींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. काढली की तार सोडवा. दुसरी प्रत मामाकडे किंवा आत्याकडे ठेवायला द्या, आणि त्यांची तुम्ही ठेवा. आणि हो, त्यातला एक तरी फोटो उघडून बघायला विसरू नका!

आणि हे करायचं कधी? ३१ मार्च हा दिवस २०११ सालापासून जगात ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी वर्षाचे हिशोब बंद होतात, म्हणजे विसरायला नकोच. पण तोपर्यंत थांबू मात्र नका. डिस्क काही तारीख बघून बिघडत नाही.

वहिनींचं कर्ज केव्हाच फिटलं. त्यांची लेक आता संस्थेच्या कार्यालयात दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम करते. परवा मी पेटारा बघायला गेलो, तर तिच्या टेबलाच्या बाजूला भिंतीवर कालनिर्णय. त्या दिवशीच्या चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी वाकून वाचलं. दिवसभरात जमा झालेल्या रकमेची बेरीज होती.

“कॉम्प्युटरवर आहे ना हे?” मी विचारलं.

“आहे की,” ती म्हणाली. “पेटाऱ्यात पण आहे, वसईला पण जाईल. पण आईनं लावलेली सवय आहे काका, राहू दे.”

मी म्हटलं, “राहू दे.”